डावीकडची कोरी पानं

सराफ्यामागची गल्ली, जबलपूर
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय गौतम,

पत्र पाहून तुला आधी काळजी वाटेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडे सगळे ठीक आहेत. इंदिराकाकूंचा गुडघा दुखतो, पण परवा त्या घमापूरच्या बाजारातून स्वतः भाजी घेऊन आल्या आणि राखीला म्हणाल्या, वांगी निवडायला अजून मीच लागते. फोनवर बोलता आलं असतं. तुझा सागर शहरातला नंबर माझ्याकडे आहे, एक जानेवारीला आपण एकमेकांना फुलांचं चित्र पाठवतोच. पण फोनवर हे बोलायला लागलो असतो तर तू मध्येच "जाऊ दे ना बे" म्हणाला असतास आणि मी लगेच जाऊ दिलं असतं. ही माझी सवय मला माहीत आहे. कागदावर निदान वाक्य पुरं करावं लागतं.

कारण राखी आहे. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला ती स्कूटीवरून आली, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि बसायच्या आधीच म्हणाली, "काका, पापा म्हणते तुमच्याजवळ डायरी आहे. मला पाहिजे." मैकलच्या डोंगरात पाच जणी पायी जाणार आहेत, हॉटेल-बिटेल काही नाही, पाठीवर बॅग आणि चलो. मी विचारलं, पापांनी काय सांगितलं त्या प्रवासाबद्दल? "काहीच नाही. म्हणते, गेलो, चाललो, आलो. बाकी चिंतामणीकाकाला विचार." मग थोडी ओशाळून म्हणाली, "मला मराठी वाचता येते, पण स्लो. ड्रॉइंग तर वाचावी लागत नाही ना."

तू तिला माझ्याकडे पाठवलंस याचा मला किती आनंद झाला, ते मी लिहीत नाही. आनंद झाला आणि पुढच्याच मिनिटाला मी तिच्याशी खोटं बोललो. म्हणालो, शोधावी लागेल, माळ्यावर कुठेतरी असेल. वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. अमिता चहा घेऊन येत होती, तिनं ऐकलं. राखी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "दर दिवाळीला पुसून ठेवता ती वही, आणि माळ्यावर?" लग्नाला अठरा वर्षं झाली, तिला माझ्या सगळ्या वह्यांच्या जागा माहीत आहेत. त्या वहीतलं एक पान मात्र तिलाही माहीत नव्हतं. त्या पानामुळे मी वही दिली नाही, आणि त्या पानाचं काय करायचं हे मी एकट्यानं ठरवू शकत नाही.

वही तुला आठवते ना? काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. जानेवारी दोन हजार चार. माझी ग्रंथालयातली नोकरी पक्की व्हायची होती, तुझी परीक्षा होऊन निकाल लागायचा होता, आणि आपल्या दोघांच्या घरच्यांचं मत होतं की हे दिवस काहीतरी उपयोगी करण्याचे आहेत. आपण दिंडोरीची बस पकडली. इंदिराकाकूंनी लिलावातल्या तंबूच्या कापडातून मशीनवर दोन पाठपिशव्या शिवल्या होत्या, एकाच तुकड्यातून, त्यामुळे कुठली कोणाची कळायचं नाही. तुझ्या पिशवीत भाकरी आणि ठेचा, माझ्या पिशवीत घोंगडी आणि पुंडलिककाकांचा कारखान्यातला जुना कंदील. परतीच्या बसचं भाडं आपण रुमालात वेगळं बांधून ठेवलं होतं आणि ते सोडून उरलेल्यात जितके दिवस निघतील तितके काढायचे, असा बेत होता. बस जिथे चढ चढायला कुरकुरायची तिथे उतरायचं आणि चालायचं. शाळेच्या ओसरीवर, देवळात, कोणाच्या अंगणात झोपायचं.

डावं पान तुझं आणि उजवं माझं, हा नियम तू केलास, कुकर्रामठच्या त्या दगडी देवळासमोर. म्हणालास, "तू लिही बे, तुला शब्द लागते. मी पेन्सिल आणली." संध्याकाळी आपण दोघं आपापलं पान भरायचो, मग एकमेकांचं बघायचो आणि पटलं तर खाली सही करायची. तू फार कडक होतास. मी सोळा खांब लिहिले, तू बोट ठेवून मोजायला लावलेस, बारा निघाले. एकदा मी लिहिलं की सूर्यास्त अवर्णनीय होता, तर तू सही करायला नकार दिलास. म्हणालास, मग वर्णन काहून करून राहिला? मी ते वाक्य काढलं. आजही लिहिताना तो शब्द आला की मला तुझी पेन्सिल कानामागे खोचलेली दिसते. मी इतकी वर्षं रोज डायरी लिहितो, पण तेव्हापासून माझं पान कोणी तपासलेलं नाही.

परवा पुन्हा सगळी चित्रं पाहिली. मोडलेली गणेशपट्टी. शेताच्या बांधात बसवलेला खांबाचा तुकडा, त्याच्यावर वाळत घातलेला टॉवेल. माझे सुजलेले पाय, खाली तू लिहिलंस, "प्राचीन अवशेष". नवव्या दिवसापर्यंत डावी पानं भरलेली आहेत. नंतरची कोरी आहेत. त्या दिवसानंतर आपण आणखी चार दिवस चाललो, अमरकंटकला पोचलो, जुनी देवळं पाहिली, आणि तू एक रेघही काढली नाहीस. मी तेव्हा विचारलं होतं. पेन्सिल संपली म्हणालास. मी मानलं. खरं तर मी मानलं की नाही, हेही आता मला नीट सांगता येत नाही.

आठव्या दिवशी काय झालं ते तुलाही आठवत असणार. त्या गावाचं नाव मी वहीत लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. त्या माणसानं आपल्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि मग आडनावं विचारली. मी माझं सांगितलं. तू तुझं सांगितलंस, पूर्ण, सरळ, जसं कॉलेजच्या हजेरीत सांगायचास. मग त्याला एकाएकी आठवलं की घरी पाहुणे यायचे आहेत. आपण शाळेच्या ओसरीवर झोपलो, घोंगडी एकच होती आणि सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. मी खूप बोललो, त्या माणसाला शिव्या दिल्या, समाज, शिक्षण, सगळं काढलं. तू म्हणालास, "चल, उन्हात जाऊ." मला वाटलं, आपण दोघांनी तो अपमान वाटून घेतला. आता वाटतं, माझ्या वाट्याला फक्त थंडी आली होती.

नवव्या दिवशी मावठ्याचा पाऊस लागला. बरगाटोल्याचा चढ चढताना माझ्या दोन्ही टाचा फुटल्या होत्या. डोंगराच्या धारेवरचं ते बिनछपराचं देऊळ आपण पाहिलं, पण माझं लक्ष देवळात नव्हतं, खाली दिसणाऱ्या धुरात होतं. पहिलंच घर दाईचं. तिकडे आईला दाई म्हणतात, आपणही तेच म्हणू लागलो. तिच्या दाराचा उंबरा म्हणजे त्या देवळाचाच दगड, त्याच्यावर कमळ. तू त्याच्यावर पाय न देता वाकून त्या पाकळ्यांवरून बोट फिरवलंस. दाईनं ते पाहिलं आणि तिला गंमत वाटली. तिनं विचारलं, "नाम क्या है बेटा?"

तिनं तुला विचारलं होतं, गौतम. माझ्याकडे तिनं पाहिलंही नव्हतं. उत्तर मी दिलं. म्हणालो, मी चिंतामणी, आणि हा माझा धाकटा भाऊ, विष्णू.

तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहेस. विष्णू माझ्या चुलतभावाचं नाव. का सुचलं माहीत नाही, तोंडात तयार असल्यासारखं आलं. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि मग पिशवी उतरवलीस. त्या संध्याकाळी चुलीपाशी कोदोचा भात, उडदाची डाळ आणि टोमॅटोची चटणी होती, आणि दाई सारखी म्हणत होती, "विष्णू बेटा, और ले." तू घेत होतास. एकदा तिनं हाक मारली तेव्हा तुला कळलंच नाही, मी तुला कोपरानं ढोसलं आणि मला हसू आलं. माझ्या उजव्या पानावर त्या दिवशी लिहिलं आहे, "बरगाटोला. चांगली जागा मिळाली. आजी प्रेमळ. जेवण उत्तम. पाय शेकले." खाली माझी सही आहे. तुझी नाही. तू दमला असशील असं मी धरून चाललो.

सकाळची नोंद तशीच्या तशी उतरवतो. "निघालो. वळणावर सालाच्या झाडाखाली गौतमला आठवलं की पाण्याची बाटली दाईकडे राहिली. परत गेला. पाऊण तास लागला. पेरू आणि चणे त्याच्यासाठी ठेवले होते, खाल्ले नाहीत. भूक नाही म्हणाला." एवढंच आहे. जे लिहिलं नाही ते असं, की तू वळणावर दिसलास तेव्हा मी हात हलवून ओरडलो होतो, "चला विष्णूभाऊ, उशीर झाला." आणि दुपारी तुझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात बाटली पाहिली तेव्हा मला वाटलं, मिळाली एकदाची.

मग मी ते नाव सोडलंच नाही. मला तो आपला खास विनोद वाटायचा. तुझ्या लग्नात, गौतम, मंडपाच्या दारात मी कोणाला तरी सांगितलं, हा नवरदेव म्हणजे आमचा विष्णू. इंदिराकाकू जवळच होत्या. त्यांनी तुला विचारलं, "हा विष्णू कोण?" तू हार सरळ करत म्हणालास, "काही नाही आई, याची सवय आहे." त्यानंतर आपण भेटलो ते राखीच्या बारशाला आणि तुझे बाबा, पुंडलिककाका, गेले तेव्हा. दर हिवाळ्यात मी विचारायचो, या वर्षी निघायचं का, आणि दर हिवाळ्यात तुला रजा नसायची. सात-आठ वर्षांनी मी विचारणं बंद केलं आणि मनातल्या मनात तुलाच दोष दिला. संसारात पडला, अधिकारी झाला, डोंगर विसरला. २०११च्या डायरीत हे वाक्य आहे, मी खोडलेलं नाही. तुला ते माहीत असावं.

राखी येऊन गेल्यावर मी ते पान रोज उघडून बसायला लागलो. स्वतःला बरेच प्रश्न विचारले. मी ते तुझ्यासाठी केलं का? आदल्या दिवसासारखा अपमान पुन्हा तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून? काही दिवस मला हे उत्तर पटलं. मग टाचा आठवल्या. मला त्या चुलीजवळ बसायचं होतं, आणि तुझं नाव त्याच्या आड येईल अशी मला भीती वाटली, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. समजा, दाईनं खरंच हरकत घेतली असती, तरी नाव तुझं होतं. सांगायचं की नाही आणि ओसरीवर झोपायचं की नाही, हे तू ठरवायचं होतंस. आदल्या दिवशी तू ते ठरवलंही होतंस, माझ्या डोळ्यांसमोर.

अमिताला मी सगळं सांगितलं. ती मटार सोलता सोलता म्हणाली, "एकवीस वर्षांनी आठवलं तुम्हाला?" मी म्हणालो, आठवत तर होतंच. ती म्हणाली, "तेच तर."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची रजा काढून मी बरगाटोल्याला गेलो. माळ्यावरून पिशवी काढली (ती मात्र खरंच माळ्यावर होती). काकूंची शिवण कुठेही उसवलेली नाही. आता धारेपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण मी खालीच उतरलो आणि चाललो. सत्तेचाळीसाव्या वर्षी तो चढ काय असतो ते तुला सांगत नाही, दर दोनशे पावलांवर थांबत होतो. वाटेत एका ठिकाणी मी चक्क मागे वळून म्हणालो, थांब जरा. मागे कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत तुझी आठवण पुष्कळदा आली असेल, पण पावलांचा आवाज इतका हवासा कधी वाटला नव्हता. तू नेहमी मागे राहायचास, मी पडलो तर दिसावं म्हणून.

दाई आहे. ऐंशीच्या पुढची असेल. घर पक्कं झालं, उंबरा तोच. ती अंगणात उन्हात बसली होती, डोळ्यांना धूसर दिसतं. मी पाया पडलो आणि सांगितलं, खूप वर्षांपूर्वी आम्ही दोघं पावसात आलो होतो, सारख्या पिशव्या घेऊन. तिनं माझ्या पिशवीचं कापड चाचपलं. मग म्हणाली, "दोनों में से तुम कौन हो? जो लौट के आया था, वो?"

मला कळलं नाही. मी म्हणालो, नाही, मी दुसरा. "अच्छा," ती म्हणाली, "भाई वाले." आणि हसली. दात नाहीत तिला, पण ते हसू मला चांगलंच लागलं. मग तिनं सांगितलं. सकाळी तू परत गेलास, अंगणात उभा राहिलास आणि म्हणालास, "दाई, मेरा नाम विष्णू नहीं है, गौतम है. घमापुर का. हम लोग बौद्ध हैं. आपके घर खाया, इसलिए बता के जा रहा हूँ." आणि ती म्हणाली, "मैंने तो नाम इसलिए पूछा था कि खाने को बुलाऊँ तो क्या कह के बुलाऊँ." मग तिनं तुला पुन्हा बसवलं. एकदा चुकीच्या नावानं जेवला आहेस, आता एकदा बरोबर नावानं जेव, म्हणून चुलीवर भाकरी टाकली आणि तुझं नाव घेऊन हाक मारली. म्हणून तुला भूक नव्हती.

तिनं हे जसं सांगितलं तसंच झालं असेल का? मी पडलो शंकेखोर. इतक्या वर्षांनी माणूस आपल्याच गोष्टीला थोडा गूळ लावतो, आणि आदल्या दिवशीच्या गावानंतर जगातलं प्रत्येक दार असंच उघडतं असं मी म्हणणार नाही. खरं काय ते तुलाच माहीत. पण पेरू तू खाल्ले नव्हतेस, ही नोंद माझ्या हातची आहे. आणि हे खरं असेल तर तू त्या वळणाकडे चालत येत होतास तेव्हा तुला कळलेलं होतं की त्या घरात तुला कोणीच अडवलं नव्हतं. अडवलं होतं ते मी. आणि वळणावर उभा राहून मी तुला कोणत्या नावानं हाक मारली, ते वर लिहिलंच आहे.

राखी वीस तारखेला निघते. वही या पत्राबरोबर पाठवतो आहे. त्या पानावरचं जुनं काही मी खोडलं नाही, फक्त खाली आजची तारीख घालून, त्या दिवशी काय घडलं ते सात ओळींत लिहिलं आहे. वाचून बघ. खांब चुकले असतील तर सांग. पटलं तर सही कर, नाही पटलं तर नको करूस. वही राखीला द्यायची की नाही, दिली तर त्या पानासकट द्यायची की कसं, हे तू ठरव. मी माझ्याकडून तिला एवढंच सांगितलं की वही माझ्याजवळच होती, मीच लपवली होती, आणि आता ती तिच्या पापांकडे जाते आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही दोघं पण ना."

पण वहीसाठी एवढं लांब पत्र लागलं नसतं, कुरिअरवर एक चिठ्ठी पुरली असती. माफीसाठीही मी लिहीत नाही. माफी मागायची तर तुझ्यासमोर उभं राहून मागावी लागेल. मी निघालो तेव्हा दाईनं माझ्या पिशवीत चार पेरू घातले आणि विचारलं, "उसको काहे नहीं लाए?" मी म्हणालो, विचारून बघतो. त्या शब्दाला जागण्यासाठी हे लिहितो आहे. होळीनंतर तिकडे मोह गळायला लागतो, चढावर सावली असते. पिशवी माझ्याकडे एक आहे, दुसरी काकूंच्या ट्रंकेत आहे, मी विचारून घेतलं. वहीत डावीकडची पुष्कळ पानं कोरी आहेत. दाईला आता कमी दिसतं, ती उंबऱ्याशी पुन्हा नाव विचारेल. या वेळी मी मागे उभा राहीन आणि उत्तर तू देशील.

येतोस, गौतम?

अजूनही वळणावर थांबलेला,
तुझाच
चिंतामणी